मागे बसलेली बाई

माझ्या अपघाताबद्दल मला जे ठाऊक आहे ते सगळं लोकांनी सांगितलेलं आहे. त्या दिवशी रामाकोन्याची माझी शाळा लवकर सुटली, मी ऑफिसच्या दाराला कुलूप लावलं, नीट लागलं का म्हणून ओढून पाहिलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. इथवर आठवतं. त्यानंतर आठवतं ते नागपूरच्या दवाखान्यातलं छत आणि अंगावर पडेल की काय असा करकरणारा पंखा.

मधल्या तुकड्यात रामाकोन्याकडून सौंसरला येणारा रस्ता आहे. त्यावर नाल्यावरची एक पुलिया आहे, माझी स्कूटी आहे, पांढुर्ण्याच्या एका कापूस व्यापाऱ्याची पांढरी गाडी आहे आणि माझी उजवी मांडी मोडली तो क्षण आहे. हे सगळं घडलं तेव्हा मी तिथं होते म्हणतात. असेन. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागला की मागचा थोडा भाग पुसला जातो, कधी परत येतो, कधी नाही. मी वर्गात ‘आठवत नाही’ म्हणणाऱ्या पोरांना उभं करून ठेवणारी मास्तरीण. आता मला कोण उभं करणार होतं, मला उभंच राहता येत नव्हतं.

सौंसरच्या घरात आम्ही दोघीच राहतो, मी आणि माझी सासू. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ झालं नाही. कॉलनीतलं दोन खोल्यांचं घर, पुढे तुळस आणि स्कूटी लावण्यापुरती फरशी. सासू वरूडकडची, शाळेचं तोंड न पाहिलेली. मी लग्न होऊन आले तेव्हा मला नुकतीच नोकरी लागली होती, आणि सून मास्तरीण आहे याचा तिला इतका अभिमान की पहिल्या दिवसापासून तिनं मला ‘बाई’ म्हणायला सुरुवात केली. नात्यातले हसले, नवरा हसला, पण तिनं काही सोडलं नाही. पुढे सगळीकडे मॅडम झालं, घरात मी बाईच राहिले. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून माझं नाव मी एकदाही ऐकलेलं नाही.

मला शुद्ध आली तेव्हा उशाशी माझा भाऊ होता. सासू नंतर आली, आणि आली ती अगदी निवांत चेहऱ्यानं. मला थोडा रागच आला. सून मोडून पडली आहे आणि ही लग्नाहून आल्यासारखी बसली आहे. मग तिनं सांगितलं की ती आधी त्या जागेवर जाऊन आली.

आमच्याकडे असं मानतात की माणूस जिथं जोरात पडलं किंवा भ्यालं, तिथं त्याचं थोडंसं मागं राहून जातं. घरच्यांनी जाऊन ते आणायचं असतं. तर सासू लिंबू, हळदकुंकू आणि मूठभर दहीभात घेऊन ऑटोनं त्या पुलियाशी गेली. दहीभात ठेवला, लिंबू ठेवलं, आणि रस्त्याकडे तोंड करून म्हणाली, “चाल वं बाई घरी.” मग मागं वळून न पाहता ऑटोत येऊन बसली. ऑटो सवारीचा होता, वाटेत लोक हात दाखवत होते. तिनं शेजारची जागा कोणाला बसू दिली नाही आणि त्या जागेचं भाडं भरलं.

मला हसू आलं, आणि हसल्यावर बरगड्या दुखल्या. दर वर्षी मुलांकडून अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेणारी मी, आणि माझ्या जिवाचं सासूनं सवारी ऑटोत तिकीट काढलं होतं.

“मले आता बरं वाटून राहिलं,” ती म्हणाली. “तू घरी आली.”

मी तेव्हा नागपुरात, पायाला वजन लटकवलेल्या खाटेवर होते.

घरी खरोखर आले ती बऱ्याच आठवड्यांनी. मांडीत लोखंडाची सळई, हातात वॉकर, आणि दिवसभर पुढच्या खोलीत पलंगावर. शाळा, पोरं, गोंधळ यात आयुष्य गेलेल्या माणसाला दुपार किती लांब असते ते ठाऊक नसतं. मला ते पलंगावर पडून कळलं. बाहेर ऊन, कॉलनी झोपलेली, कुठं कुत्रंसुद्धा भुंकत नाही. आणि स्वयंपाकघरात सासू बोलत असायची.

म्हाताऱ्या माणसाचं स्वतःशी बोलणं मला नवीन नव्हतं. पण ती बोलता बोलता थांबायची. समोरच्यानं उत्तर द्यावं इतका वेळ थांबायची, मग ‘व्हय ना’ म्हणायची आणि हसायची. मी इकडून विचारलं की, “काही नाई वं, तू झोप.” मी झोपायचे. गोळ्या अशा होत्या की झोप न मागता यायची.

वॉकर मी भिंतीशी ठेवून झोपत असे, जागी झाले की तो हाताशी असायचा. त्याचं काही नाही, सासूनं सरकवला असेल. पण सासू धुतलेल्या साडीची घडी घालताना पदर आत घेते, माझ्या पायथ्याशी ठेवलेल्या घड्यांवर पदर वर असायचा. पलंगावर पडलेल्या माणसानं घड्यांबद्दल तक्रार करू नये, एवढं मला कळतं.

एके दिवशी वकील आले. माझ्या माहेरच्या ओळखीतले, पांढुर्ण्याचे. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तिथला प्रत्येक माणूस काखेत फाईल असल्यासारखा चालतो, यांच्या काखेत ती खरोखर होती. दावा पांढुर्ण्यालाच टाकायचं ठरलं होतं, गाडीवाला तिथला म्हणून. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि पहिलाच प्रश्न विचारला.

“मॅडम, तुमच्या मागे कोण बसलं होतं?”

मी म्हटलं, कोणी नाही. आणि म्हणता म्हणता लक्षात आलं की हे मला माहीत नाही.

गाडीवाल्यानं पोलिसांना सांगितलं होतं की स्कूटीवर दोन बाया होत्या. मागची पुढं वाकून पुढचीच्या कानात काहीतरी सांगत होती, पुढची मान वळवून ऐकत होती, आणि ऐकता ऐकता स्कूटी त्याच्या गाडीसमोर आली. वकील म्हणाले की आपली चूक झाकायला लोक हजार गोष्टी रचतात, त्याची काळजी नको. मला मात्र अंगावर काटा आला. कारण रामाकोन्याच्या रस्त्यावर बाया हात दाखवतात आणि मी थांबते. बाजाराला निघालेली, दवाखान्याला निघालेली, माहेराहून परतणारी, अशी कोणी ना कोणी रोज माझ्या मागे बसायची. त्या दिवशीही एखादीनं हात दाखवला असेल. मग ती गेली कुठं? नाल्यात पडली असेल आणि कोणी पाहिलंच नसेल तर?

वकिलांनी मान हलवली. हे त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. दवाखान्यात एकटी मीच आणलेली. आसपासच्या गावांतून कोणी बाई हरवल्याची तक्रार नाही. नाल्यात काही सापडलं नाही, तेव्हा तो कोरडाच होता.

मग त्यांनी मला क्लेमचे दोन रस्ते समजावून सांगितले, आणि ते मी मन लावून ऐकले, कारण समजावून सांगणारा माणूस मला आवडतो. पहिला रस्ता म्हणजे गाडीवाल्याची चूक होती हे सिद्ध करायचं. पैसा जास्त मिळतो, पण साक्षीदार येतात, उलटतपासणी होते, बीमा कंपनीचा वकील तुमचीच चूक काढायला बसलेला असतो. दुसऱ्या रस्त्यात चूक कोणाची हे कोणी विचारतच नाही. गाडीनं अपघात झाला, तुमचं हाड मोडलं, एवढं पुरे. कायद्यानं ठरवलेली ठरावीक रक्कम हाती येते आणि विषय संपतो. पण एका रस्त्यानं पैसे घेतले की दुसरा बंद.

“म्हणजे यात दोष पाहतच नाहीत,” ते म्हणाले.

सासू चहा घेऊन आली होती. “दोष तं हाय तिथं,” ती म्हणाली. “जागेतच दोष हाय. म्हणून तं मी जाऊन बोलावून आणलं.”

“आजी, हा दोष वेगळा,” वकील म्हणाले, आणि चहाचा कप उचलला.

त्यांचा सल्ला स्पष्ट होता. आपल्याला काही आठवत नाही, गाडीवाला मागच्या बाईचं सांगतो आहे, ती बाई आपण हजर करू शकत नाही. न विचारण्याचा रस्ता घ्या. मी म्हटलं, मला तर विचारायलाच हवं आहे. इतरांना पैशाची काळजी असेल, मलाही होती, सळईचा खर्च काही स्वर्गातून आला नव्हता. पण माझ्या आयुष्यातला एक तुकडा त्या रस्त्यावर पडला होता, आणि तो पाहिलेली माणसं जिवंत होती. त्यांना कोणी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून विचारलं असतं तर मीही ऐकलं असतं. वकिलांना हे पटलं नाही. क्लेमच्या केसमध्ये माणसाला पैसे हवे असतात अशी त्यांची समजूत, आणि बहुतेक वेळा ती बरोबरच असणार. शेवटी ते म्हणाले, तिथं एक रसवंतीवाला आहे, अँब्युलन्सला फोन त्यानंच केला होता. एकच पाहणारा. तो काय म्हणतो ते आधी ऐका, मग ठरवू.

काठीवर चालता येऊ लागलं तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या. मी ऑटो करून त्या जागी गेले. मला वाटलं होतं की जागा पाहिली की काहीतरी हलेल. काही हललं नाही. बिनपाण्याचा नाला, दोन्ही बाजूंना बुटका कठडा असलेली पुलिया, पलीकडे संत्र्याची बाग. हजार वेळा मी तिथून गेले असेन आणि एकदाही त्या जागेकडे पाहिलं नसेल. रसवंती रस्त्याच्या कडेला, ताडपत्रीखाली. उसाच्या चरक्याला बांधलेल्या घुंगरांचा आवाज येत होता.

त्यानं मला ओळखलं. खुर्ची पुसून दिली, रस दिला, पाय कसा आहे ते विचारलं. चांगला माणूस होता, चाळिशीचा, बोलताना हात पुसत राहायचा. मी त्याला सांगितलं की मला काहीच आठवत नाही, तेव्हा त्यानं पाहिलेलं त्यानंच सांगावं. त्यानं फार मोठं काही सांगितलं नाही. आवाज झाला, तो धावला, मी रस्त्यावर पडले होते, हेल्मेट फुटलं होतं.

“अन् मागची?” मी विचारलं.

“त्याइले काही लागलं नाई,” तो म्हणाला. “त्या उठल्या, पदर झटकला, अन् तिथं पुलियावर जाऊन बसल्या.”

आमच्या बोलीत ‘लागलं’ म्हणजे मार लागला, आणि लागलं म्हणजे बाहेरचं काही धरलं, असंही. तो पहिल्या अर्थानं बोलत होता. ऐकताना मात्र मला दोन्ही ऐकू आले.

मी विचारलं, दिसायला कशी होती. तोंड पाहिलं नाही म्हणाला, पदर डोक्यावरून पुढं घेतला होता. वय सांगता येत नाही. थोडा विचार करून म्हणाला, बाईसारखी बाई. मग ती गेली कधी ते विचारलं, तर तो हात पुसत थोडा घुटमळला. पुलियावर नेहमीच कोणी ना कोणी बसलेलं असतं, गाडीची वाट पाहत. संध्याकाळी तो दुकान बंद करून गेला तेव्हा ती होती. सकाळी आला तेव्हा होती. त्याच्या पुढच्या सकाळीही होती. कोणाची तरी वाट पाहत असेल असं वाटून त्यानं विचारलं नाही. बाईमाणसाला कोण विचारणार.

“मंग तुमच्या सासूबाई आल्या ना ऑटोनं. त्या म्हणल्या, चाल वं बाई घरी. तशा त्या उठल्या, अन् मांगं मांगं जाऊन ऑटोत बसल्या.” चरका थांबला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. “तुमच्या घरच्याच ना त्या?”

मी रस संपवला. परत येताना उन्हात मला थंडी वाजत होती हे मी लपवणार नाही.

घरी आले तेव्हा सासू शेंगा सोलत होती. मी काठी टेकवली आणि सरळ विचारलं, की त्या दिवशी ऑटोत तिच्या शेजारी कोण होतं. तिनं शेंगांवरून नजर उचलली नाही. बाई, म्हणाली. कोणती बाई, मी विचारलं. तिला तो प्रश्न थोडा वेडगळ वाटला असावा.

“मी बाईले बोलावलं, बाई आली. तिथं दोघी होत्या हे मले कसं मालूम पडन?” मग म्हणाली, “आता आलीच हाय तं राहू दे. तुले काही तरास देऊन राहिली काय?”

तरास. मी पलंगावर बसले आणि कधी नव्हे ती भ्याले. शेजारीण मागाहून म्हणाली होती की अशा वेळी नाव घेऊन बोलवायचं असतं, नाव न घेता हाक मारली तर जी वाट पाहत असेल ती येते. माझ्या सासूला माझं नाव घेण्याची सवयच नव्हती. प्रेमानं पडलेल्या एका शब्दानं दार उघडं राहिलं होतं. मला तिच्यावर संतापही आला, आणि दुसरा विचार आला तो त्याहून वाईट होता. ती आली, तर मी अजून तिथंच आहे का? कुलूप लावल्यानंतरची मी, स्कूटी चालवणारी, मान वळवून ऐकणारी?

भीतीची एक गंमत अशी की ती रोज तितकीच पुरत नाही. सासूच्या आवाजात मला भीती सापडेना. मी नागपूरला असताना ती या घरात एकटी होती, आणि ते दिवस तिला जड गेले नव्हते. ती कोणाशी तरी बोलत होती. ऐकून कोणी हसत होतं. उन्हाळा सरत आला तसं मीही स्वयंपाकघरातलं बोलणं झोपेत न जाता ऐकू लागले. सासूचीच वाक्यं कळायची. मधल्या थांब्यात काय असायचं ते नाही. एकदा गॅस शेगडीवर दूध उतू जाईल म्हणून मी उठायला गेले, तर सासू तुळशीपाशी आणि गॅस बंद झालेला. घाबरायला हवं होतं, पण मला बरं वाटलं. घरात कोणी आहे म्हणून बरं वाटणं मी विसरून गेले होते.

आणि एका दुपारी, डुलकीत असताना, उजव्या कानाशी कोणी वाकलं. श्वास लागला. शब्द होते. माझी मान आपोआप वळली, अगदी गाडीवाल्यानं सांगितली तशी, आणि जागी झाले. ऊन होतं, पडदा होता, दुसरं काही नव्हतं. शब्द गेले. पण मला आता ठाऊक झालं की काहीतरी सांगितलं गेलं होतं, आणि ते अजून सांगायचं बाकी होतं.

वकिलांना मी फोनवर रसवंतीवाल्याचं बोलणं सांगितलं, शेवटचं सोडून. ते म्हणाले, मॅडम, हा माणूस पिंजऱ्यात उभा राहिला तर आपलं संपलं. दोन बाया होत्या हे आपलाच साक्षीदार म्हणणार, कंपनीचा वकील म्हणणार त्या दुसरीला आणा, आणि तुम्ही म्हणणार मला आठवत नाही. तो रस्ता विसरा. मी विसरले. खरं तर माझ्या मनात ती आता साक्षीची गोष्टच राहिली नव्हती. आमच्या घरची गोष्ट पांढुर्ण्याच्या कोर्टात कशाला, असं मला वाटू लागलं होतं. न विचारण्याचा कायदा मला पहिल्यांदा शहाणा वाटला.

कोर्टातली पेशी पावसाळ्यात लागली. बसनं पांढुर्ण्याला गेले. स्टँडवरून कोर्टापर्यंत, आणि कोर्टाच्या पायऱ्या. काठीची सवय झाली होती, पायऱ्या सहज चढले. वकिलांनी शपथपत्र हिंदीत तयार करून ठेवलं होतं. आमच्याकडे घरी मराठी आणि सरकारी कागदावर हिंदी हे इतकं जुनं आहे की त्याचं कोणाला काही वाटत नाही. त्यात एक वाक्य होतं, घटना के समय मैं स्कूटी पर अकेली सवार थी. मी वकिलांना म्हटलं, हे कशाला? यात तर चूक विचारत नाहीत ना? चूक विचारत नाहीत, ते म्हणाले, पण पोलिसांच्या कागदात दुसरी बाई आहे, ती काढावी लागेल. एवढं एक वाक्य. त्यानंतर कोणी काही विचारणार नाही.

न्यायाधीश बाईच होत्या, माझ्याहून लहान, आवाजानं मऊ. कागद वाचत वाचत त्या ‘अकेली’च्या ओळीशी थांबल्या. गाडीवाला मागच्या बाकावर बसला होता आणि माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी पाहत होता.

“अकेली थीं आप?” त्यांनी विचारलं.

नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं ते मला दिसत होतं: नाव काय, गाव काय, आता कुठे आहे. आमच्या घरी आहे, साड्यांच्या घड्या घालते, हे मी कोणाला सांगणार होते? आणि खरं म्हणाल तर मला काहीच आठवत नव्हतं. वकिलांनी खोकून घसा साफ केला.

“जी. अकेली थी,” मी म्हटलं.

मराठीत म्हणावं लागलं असतं तर कदाचित म्हटलं गेलं नसतं. हिंदीत सहज निघालं. न्यायाधीशबाईंनी मान डोलावली, शेजारी बसलेल्यानं टाइप केलं, आणि झालं. वकील खूश होते. एवढ्या लवकर मोकळी झालेली केस म्हणे त्यांनी पाहिली नव्हती.

कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मी अडखळले. पहिल्याच पायरीवर काठी टेकवली, वजन टाकलं, आणि डावं अंग रिकामं लागलं. कठडा धरून थांबले. तेव्हा कळलं की इतके दिवस चढताना, उतरताना, न्हाणीघरात, बसमध्ये माझ्या डाव्या कोपराखाली कोणाचा तरी हात होता. तो असताना मला कधी कळला नव्हता. मी तिथं, लोकांच्या वाटेत उभी राहून रडले. वकिलांना वाटलं पाय दुखतो आहे.

घरी पोचले तेव्हा पाऊस थांबला होता. सासू फाटकाशी उभी होती. ती माझ्याकडे पाहून हसली नाही की काय झालं विचारलं नाही. माझ्या खांद्यावरून मागं पाहत राहिली, रिकाम्या गल्लीकडे.

“अन् ती?” ती म्हणाली.

मी तिला सांगितलं. सगळं, जसं झालं तसं, ते एक वाक्यसुद्धा. तिनं मला दोष दिला नाही. आत गेली, चपला घातल्या, वाटीत दहीभात घेतला आणि बाहेर आली. आणाले जातो म्हणाली. मी अडवलं नाही. मी म्हटलं, मीही येते. आम्ही दोघी फाटकापर्यंत आलो आणि तिथं सासू थबकली. चाल वं बाई म्हणून आता चालणार नव्हतं, तिथं आणखी कोण वाट पाहत असेल कोणाला माहीत. ती माझ्याकडे वळली.

“तुले तिचं नाव सांगतलं असन ना तिनं,” सासू म्हणाली. “कानात?”

ती माझ्या तोंडाकडे पाहत उभी होती, हातात वाटी घेऊन. मी डोळे मिटले. ऑफिसचं दार, कुलूप, ओढून पाहिलेलं. किल्ली पर्समध्ये टाकली. मग रस्त्याच्या कडेला कोणीतरी हात दाखवला असणार, मी ब्रेक दाबला असणार, बसा म्हटलं असणार. कोण, कुठल्या, असं मी प्रत्येकीला विचारते. तिलाही विचारलं असणार, आणि तिनं पुढं वाकून सांगितलं असणार. मी अजूनही फाटकाशी उभी राहून आठवते आहे.